दोन इंच माया

रात्रपाळीत, दोन सॅम्पलांच्या मधे,
मी फिल्टर लावते:
रंग डाळिंबी, माप मध्यम,
किंमत कमी ते जास्त.
पहिल्याच पानावर जरीच्या नावाने
चकाकणारं प्लास्टिक.
मग उलटं करते, जास्त ते कमी,
बघायला पैसे पडत नाहीत म्हणून.
तिथल्या मुली हसत नाहीत.
कुणाचं लग्न ठरलंय असं वाटतच नाही.

बजेट वीस हजार. त्यात चपलाही.

पहाटे चारला, सेंट्रिफ्यूज थांबता थांबता,
सापडला.
'एकदाच घातलेला. मूळ किंमत एक लाख चाळीस.
आता अठरा. वाळकेश्वर. स्वतः येऊन नेणे.'
फोटोत हँगर, मागे कपाटाचा आरसा,
आरशात मोबाइल धरलेला हात.
चेहरा कापलेला.

आई म्हणाली, दुसरीचं उतरलेलं?
लग्नात?
आणि मेथी निवडत राहिली,
काड्यासुद्धा भाजीत टाकत.

विक्रोळीहून दोन बस बदलून गेले.
रखवालदाराने वही पुढे केली: नाव, मजला, काम.
कामाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना.
'कपडे' लिहिलं.
त्याने मला मागच्या लिफ्टकडे पाठवलं.

त्रिशला माझ्याच वयाची निघाली.
केस ओले, पायात दोन रंगांचे मोजे.
मी साडेसोळा म्हटलं, ती हो म्हणाली,
इतक्या लगेच, की पंधरा न म्हटल्याचं
मला वाईट वाटलं,
आणि मग वाईट वाटल्याचं.
"काखेत जरा डाग आहे," ती म्हणाली.
"घाम. फार घाबरले होते त्या दिवशी."
का विकतेस, हे मी विचारलं नाही.
मुलगा काय करतो, हे तिने.
फाटकाशी पोचले तर मेसेज:
ओढणी राहिली, थांब.
आणि ती स्वतः खाली आली, पुढच्या लिफ्टने,
त्याच मोज्यांवर.

घरी घातला. घागरा झकास.
चोळीचा हुक मात्र काजाकडे
दोन बोटांवरून बघत राहिला.
आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

इंदुमती घाग, पार्कसाइटच्या चढावर,
गणवेश शिवतात, फॉल-पिको करतात.
त्यांनी चोळी उलटी केली.
बाहेर मोर, वेली, टिकल्यांचा उजेड;
आत साधं सुती अस्तर, गाठी, सुटे धागे,
डिझायनरच्या नावाची पट्टी,
आणि पट्टीखाली खडूने, घाईत,
एक चौतीस आणि एक बाण.

ब्लेडने चार टाके उसवले.
चष्मा कपाळावर सरकवला.
"अगं, माया आहे की!"
"किती?"
"दोन इंच. दोन्ही अंगांना."

एवढ्या महागाच्या कापडात
कापून टाकली असती तर कुणाला कळणार होतं?
कुठल्या गाळ्यात, कुठल्या दिव्याखाली वाकून
कुणी सोडून ठेवली ती,
कधी न पाहिलेल्या बाईसाठी:
ती भरेल अंगाने, पोटुशी राहील,
किंवा ती नसेलच, दुसरीच कुणी असेल.
का एवढा विचारही नसेल त्याचा.
नुसती हाताची सवय.

आई तोवर दारातच उभी, चपला पायात.
ती आत आली.
उसवलेल्या शिवणीवर बोट फिरवलं,
जिथला डाळिंबी रंग उजेड न लागता
अजून गडद राहिला होता.
"किती घ्याल?"
"तीनशे. दीड इंच सोडते."
"आणि उरलेली?"
"कापू का? आतून साफ दिसेल."
"नको," आई म्हणाली. "राहू दे.
लागेल कुणाला तरी."

मी डाग दाखवला.
हात वर केला तरच दिसेल, इंदुताई म्हणाल्या.
हार घालताना करावाच लागेल, मी म्हटलं.
"तेव्हा तुझाही पडेल तिथेच,"
म्हणाल्या, दाताने दोरा तोडला,
आणि मशीन सुरू केलं.