अर्धा फेरा

फैजपूर रस्त्याच्या वजनकाट्यावर
केळीच्या दोन ट्रकांच्या मधे उभी करून
ती गाडी मी किलोवर घेतली.
सातशे साठ. पावती अजून आहे,
मालाच्या रकान्यात लिहिलंय : भंगार.
त्या वजनात धरलं होतं
मागच्या सीटवरचं कोंबडीचं खुराडं,
डिकीतली केळीची वाळकी पानं,
आणि सदुसष्ट सालचं एक इंजिन
जे हलत नव्हतं.

सावद्यात बातमी माझ्याआधी पोचली.
मेडिकलवर बीपीची गोळी मागताना
नेहेते मास्तरांनी विचारलंच,
"ताई, हिला कोणतं औषध?"
मी स्ट्रिप कापून दिली. सुटे पैसे दिले.

हेराल्डचं बॉनेट उघडलं की
आख्खं तोंडच पुढे कलंडतं,
दाताच्या डॉक्टरकडे आलेल्या म्हशीसारखं.
तोताराम आप्पा फेगडे भोवती एक चक्कर मारून म्हणाले,
"हे बरं. लपवत नाही काही."

आप्पा छत्तीस वर्षं भुसावळच्या लोको शेडात होते.
कान तिथेच ठेवून आले.
आता पेचकसाचं टोक लोखंडाला लावतात,
मूठ दातांत धरतात
आणि डोळे मिटून ऐकतात.

नटबोल्ट खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांत,
वर माझं अक्षर : 'डावा, पुढचा, आटे गेलेले.'
अवघड सांध्यांत तेल सिरिंजने.
मे महिन्यात नऊनंतर पाना हातात धरवत नाही,
म्हणून पहाटे चार ते सात,
मग अंघोळ, मग दुकान,
नखांतलं काळं तसंच.
गिऱ्हाईकं हाताकडे बघतात, मग गोळीकडे.

जिप्सीचं इंजिन धुळ्याहून आलं, गोणपाटात,
एका उलटलेल्या गाडीतून.
कोणाची, ते मी विचारलं नाही.
लांबीला बसलं, उंचीला दोन बोटं जास्त.
माउंटिंग तीनदा कापलं, तीनदा जोडलं.
प्रोपेलर शाफ्ट यासीन हाजींच्या लेथवर
सव्वाचार इंच कमी झाला,
आणि तो तुकडा त्यांनी मला कागदात बांधून दिला,
जसा शिंपी उरलेलं कापड देतो.

आरटीओत साहेबांनी फाइल मिटून विचारलं,
"पण का?"
अर्जात त्याला रकाना नव्हता.

पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा
पत्र्यावरची कबुतरं उडाली,
आप्पांनी पेचकस दातांत धरला
आणि बराच वेळ सोडला नाही.
"मंग?" मी कानाशी ओरडले.
"तीन चांगले बोलतात," म्हणाले,
"चवथं नवीन सुनेसारखं. बोलेल."

जुन्याचं काय करायचं ते ठरत नव्हतं.
भंगारवाला सोळाशे देत होता.
मी उद्या म्हणाले,
आणि आठ महिने उद्याच म्हणत राहिले.
दर गुरुवारी दुकान बंद करायच्या आधी
चारही प्लगच्या भोकांत
डिझेल आणि ऑइल निम्मं-निम्मं,
दहा-दहा एमएल, मोजून.
हाताला सवय आहे मोजायची,
यात दुसरं काही नव्हतं.

परवाच्या गुरुवारी
गाडी बाहेर उभी, तापीच्या पुलापर्यंत जाऊन आलेली,
सायलेन्सर निवताना टक टक वाजत होता.
आत मी सहज पुलीच्या नटाला पाना लावला.
आधी पानाच घसरला असं वाटलं.
मग कळलं, नाही.
अर्धा फेरा. तिथे थांबलं.

आप्पांना बोलावून आणलं.
त्यांनी पेचकस घेतला नाही,
नुसता तळवा ठेवला ब्लॉकवर,
पायरीवर बसलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा.
"आता काहून?"
त्याला विचारलं, मला नाही.

लाइट गेली तेवढ्यात.
मोबाइलच्या उजेडात मी सिरिंज भरली,
पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं,
मग शटर ओढलं.