उलटा हात

उदगीरला देगलूर रोडच्या मागं, गिरणीच्या बोळात
महानंदाकाकूंनी दार अर्धंच उघडलं.
"वायरमन नाही आला?"
"मीच," म्हणाले.
भावाचा जुना शर्ट, खिशात टेस्टर.
त्यांनी टेस्टरकडं बघितलं, मग दार पूर्ण उघडलं.

कूलर मुंग्या देतो म्हणे.
"झटका नाही गं. नुसत्या मुंग्या. सवय झाली आता.
लाटण्यानं बटन दाबते."
लाटणं खिडकीतच होतं, टोकाला पीठ वाळलेलं.

टेस्टर पत्र्याला लावला.
आतला नारिंगी ठिपका जागा झाला,
भलत्या वेळी उठवलेलं लेकरू डोळा किलकिला करतं तसा.

प्लगची जाडी पिन कुणीतरी कापून टाकलेली,
बोर्डात बसत नव्हती म्हणून.
काकू, ही पिन थोरल्या जावेसारखी असते,
लग्नघरात सगळ्यांच्या आधी येते,
सगळ्यांच्या नंतर जाते,
आणि आहेराच्या यादीत तिचं नावच नसतं.
काकू हसल्या नाहीत.
त्या थोरल्या जाऊ होत्या.

आयटीआयला सरांनी तारेखाली होकायंत्र ठेवलं होतं.
बटन दाबलं आणि सुई वळली,
गल्लीतून कुणी नाव घेऊन हाक मारावी तशी.
तारेनं तिला शिवलंही नव्हतं.
मग उजव्या हाताचा नियम,
अंगठा प्रवाहाकडं, बोटं तारेभोवती मिटायची.
बावीस पोरं आणि मी
हवेतली तार मुठीत धरून उभे.

ती मूठ खाजामियाँनी सोडवली, दुकानात, पहिल्याच दिवशी.
मोटारीचे वेढे भरत होते.
एकशे आठव्यावर अंगठा दाबून धरला न् म्हणाले,
"बेटी, मूठ कागदावर.
खऱ्या तारेजवळ न्यायचाच झाला तर उलटा हात.
लोक म्हणतात वीज धरून ठेवते.
तिला कुठं बोटं आहेत धरायला?
आपलाच हात मिटतो, अन् मग उघडत नाही.
उलटा हात मिटला तर तारेपासून सुटतो."
त्यांच्या उजव्या हाताला तीन बोटं.
एकशे नऊ.

मोरीच्या मागं अर्थिंगचा खड्डा.
घर बांधताना घातलेलं मीठ, कोळसा,
वर भेगाळलेली काळी माती.
बल्ब जोडला, एक वायर फेजला, दुसरी जमिनीला.
पेटला तो विझत्या बिडीएवढा.

"जमीन तहानली आहे, काकू. दोन घागरी तरी लागतील."
"दोन? जमिनीला?"
टँकर आठव्या दिवशी. आज सहावा.
कूलर रोज पितो त्याचा हिशेब त्यांनी केला असावा,
कारण त्या आधी रांजणाकडं बघत राहिल्या,
मग बल्बकडं, परत रांजणाकडं.
"तांदळाचं धुवण चालंल? भांड्याचं?"
चालेल. जमिनीला सोवळं नसतं.

थांबा, आधी बटन बंद.
मग ओता.
माती आवाज करत प्यायली.
काकू पायरीवर बसल्या, मी उकिडवी,
कुणी काही बोललं नाही.
पुन्हा बल्ब लावला. तांबूस.
आणखी एक बादली, आणखी थांबणं.
चौथ्या वेळी तो असा लख्ख पेटला
की काकूंनी पदर डोळ्यांवर धरला.
"एवढा उजेड," म्हणाल्या, "खरकट्या पाण्यावर?"

मेन पाडला. फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकला,
आपला जीव दुसऱ्याच्या बोटाशी ठेवू नये म्हणून.
पंपाची वायर उंदरांनी कुरतडलेली, ती बदलली.
नवा प्लग, जाडी पिन जागेवर, हिरवी वायर घट्ट.
मेन चढवला. टेस्टर लावला.
ठिपका झोपलेला.

"बघा आता."
काकूंचा हात सवयीनं लाटण्याकडं गेला.
थांबला.
मग उलटा करून त्यांनी तो पत्र्याला टेकवला,
फणफणलेल्या लेकराच्या कपाळाला टेकवतात तसा,
आणि जरा वेळ तसाच ठेवला.
"उतरला," म्हणाल्या.