फाटकाजवळची जमीन

यंदा हिवाळाच ओला गेला.
डिसेंबरात तीनदा, जानेवारीत गारांसकट,
आणि माघातल्या मोठ्या तिथीला असा
की कामठी रोडच्या लॉनमधली झुंबरं
गुडघाभर पाण्यावर पेटून राहिली.
नवरदेव कारमधून उतरले.
रेवडीला कोणी बोलावलं नाही.

आमचं आवार ते केवढं?
चाळीस पावलं लांब, सव्वीस रुंद,
मागे नाला, बाजूला बंद पडलेल्या आरामशीनची भिंत.
माती काळी.
मे महिन्यात तिच्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो,
ओली झाली की चप्पल मागून घेते
आणि परत देत नाही.

आज ऊन धरलं. ऑफिसात सांगितलं, ताप आहे.
धनपाल उईके पहार घेऊन आला,
आणि बाबा, प्लास्टिकच्या खुर्चीत,
पायांखाली शहाबादीचे तुकडे, खुर्ची रुतू नये म्हणून.
मेडिकलमधून घरी आल्यापासून
त्यांचे शब्द ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळतात.
आम्ही मुरमाच्या ढिगाला हात घातला तर म्हणाले,
"चर. आधी चर."

चर खणला.
साचलेलं पाणी जरा वेळ विचार करत थांबलं,
मग नाल्याकडे निघालं,
पाहुण्यानं चपला शोधाव्या तसं.

बाभळीचे बारा खांब. सात हलले.
त्यातल्या चारांची उधळीनं साल तेवढी ठेवली होती,
लाथ मारली तर आतून भुसा.
नव्यांची बुडं जाळली, वर जळकं ऑइल फासलं.
काटेरी तार गुंडाळून भंगारात दिली.
तिची किंमत रेवडीचा उजवा डोळा,
चार वर्षांपूर्वीच देऊन झाली आहे.
आता तारेच्या जागी रबराचा रुंद पट्टा,
कोराडीकडच्या भंगारवाल्याचा,
ज्यावरून एके काळी कोळसा जायचा.
हात लावला की अजून काळा होतो.

दुपारी हनीफचाचा नाल घेऊन आले.
खूर मांडीवर घेतला, पुतळी अंगठ्यानं दाबली,
वास आम्हा सगळ्यांना आला.
"औषध देतो," ते म्हणाले,
"पण आधी हिला उभं राहायला कोरडं द्या.
ओल्यात उभं राहून कोणाचे पाय राहतात?"
बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

सगळ्यात वाईट खड्डा फाटकाजवळ.
पहारीची अर्धी लांबी आत गेली.
धनपाल म्हणाला, "उतार तर तिकडे हाये, ताई,
पाणी इथंसा थांबतच नाही. मंग हे काहून?"
मी काही बोलले नाही.
कळायला मला दोन घमेली मुरूम लागला.

जानेवारीभर मी वॉर्डाच्या जिन्यात होते.
चारा टाकायला कधी नऊला आले, कधी अकराला,
एक दिवस आलेच नाही.
आणि ही इथे, एका डोळ्यानं रस्त्याकडे,
डावा पाय, उजवा पाय,
डावा पाय, उजवा पाय.
हा खड्डा आभाळानं नाही केला.

गिट्टी टाकली, वर मुरूम, वर चुरी.
धनपालनं धुम्मसानं ठोकली.
फाटकाची बिजागरी वर उचलून बसवली,
तरी ते कुरकुरतं; असू दे,
तिला कुरकुर ओळखीची आहे.

संध्याकाळी दोरी सोडली.
ती नव्या चुरीवर आलीच नाही.
सरळ मागच्या कोपऱ्यात गेली,
जिथं अजून थोडा चिखल शिल्लक होता,
गुडघे दुमडले, आणि लोळली,
चारी पाय आभाळाकडे, नव्या नालांसकट.
हनीफचाचांनी कपाळाला हात लावला.
बाबा हसले. अर्धंच तोंड हसलं,
पण आवाज पूर्ण आला.

आता अंधार पडतोय. घमेली धुतली.
जाताना मागे वळून पाहिलं,
तर ती फाटकाशी येऊन उभी,
कोरड्यात.
उद्या सातला येईन, म्हटलं.
बसचा भरवसा नाही. साडेसात धर.