अठराशे तेरा

कुडचड्यात, खाणीच्या जुन्या वजनकाट्याच्या खोलीत
आम्ही सर्व्हर बसवला.
भिंतींवर अजून तांबडी धूळ. कितीही पुसा,
बोटाला लागते, रॅकच्या पंख्यातून फिरत राहते.
ज्या खिडकीतून ट्रकवाल्यांना पावती मिळायची
तिथून आता फायबर आत येते
काळी, करंगळीएवढी.

रात्रीचे अकरा. सावर्ड्याचा राउटर विचारतो आहे
आणि माझा सर्व्हर गप्प.
नाही म्हणाला असता तर भांडता आले असते.

दोघांत एक गुपित शब्द लागतो, अक्षर न् अक्षर सारखा.
तो फाइलीत चिकटवताना शेवटी
एक रिकामी जागा चिकटून आली होती.
दोन तास खाल्ले तिने.

सोयरू वेळीप, एकेकाळचा इथलाच काटेवाला, आता रखवालदार,
उंडे आणि चहा घेऊन आला. पडद्यावर वाकला.
अठराशे बारावर ओळख पटते, मी सांगितले,
अठराशे तेरावर हिशेब.
"कोण आयलो, कोणें सोडलो, कितें व्हेलें.
इतलेंच न्हय गो?"
इतकेच.

मग कपाटामागून त्याने वही काढली.
ट्रक नंबर. टन. गेला. आला.
खाण बंद झाली त्या दिवसाचे पान:
इनास फुर्ताद, सोळा टन, गेला सव्वाचार.
पुढचा रकाना कोरा.
ट्रक केप्याला आंब्याखाली गंजतो आहे,
इनास कुवेतला.

आमच्याकडेही होते असे. वीज जाते,
'सुरू' नोंदलेले असते, 'थांबले' पोचतच नाही,
आणि बंद घराचे बिल चालू राहते.
म्हणून नियम घातला: वीस मिनिटे निरोप नाही
तर शेवटच्या निरोपाची वेळ धरून ओळ मिटवा.
सोयरूने ऐकले. वही मिटली,
ओळ नाही.

"चाचणीक नांव कोणाचें घालतली?"
मी त्याच्याकडे पाहिले. टाइप केले: इनास.
पासवर्ड, ट्रकचा नंबर. तो त्याला तोंडपाठ होता.

एक वाजून दहा मिनिटे. स्वीकार.
घड्याळ लावायचे राहिले होते;
सर्व्हरच्या लेखी कालची संध्याकाळ,
सात चाळीस.

"आयलो," सोयरू म्हणाला, आणि कपबश्या गोळा करू लागला.

चाचणीची खाती सकाळी पुसायची असतात.
घड्याळ लावले. लॉग तपासले.
एक खाते राहिले.