एक दशांश

योंगछुनमधल्या शाळेचं व्यायामगृह.
पाच खुर्च्या, पाच पाट्या, थर्मासात कोमट चहा.
तिसऱ्या खुर्चीत मी,
चाळीस वर्षं उदबत्त्या वळलेल्या हातांनी
दुसऱ्यांच्या हातांना गुण देते.

नियम सोपा आहे.
सर्वांत मोठा आकडा काढतात, सर्वांत लहान काढतात,
उरलेल्या तिघांची सरासरी
म्हणजे सत्य.

सकाळपासून बावीस पांढरे क्रौंच उडून गेले.
रेशमी कपडे, इस्त्रीची धार,
बाह्या अशा फडकतात की फटकारा मुठीचा की कापडाचा
ते कळत नाही.
मी कधीकधी डोळे मिटून नुसती ऐकते.
पाय जमिनीला भेटतो, तेव्हा खरा पाय बोलत नाही,
फरशीच जरा गप्प होते.
सगळी सोंगं आणता येतात,
वजनाचं आणता येत नाही.

एक मुलगा हवेत दीड गिरकी घेऊन
मांजरासारखा उतरला. टाळ्या.
शेजारचे छाय मास्तर पुटपुटले, "नाणं खणखणीत आहे."
हो. कालच पाडलेलं.

मग ती आली, मलेशियातून, मुआरहून.
गान ह्वीलेंग, सतरा वर्षांची,
चष्मा दोरीने बांधलेला,
कपडे दुसऱ्याच कुणाच्या मापाचे.
कंबर बसली. खांदे आपण आहोत हेच विसरले.
हात टाचेतून निघाला,
पाठीतून चढत, कुठे कुठे थांबत,
आणि उशिरा, आडगावच्या पाहुण्यासारखा
बोटांत पोचला.
मी पेन खाली ठेवलं.

अकराव्या चालीला, जिथे पुस्तकात सरळ रेघ आहे,
ती डावीकडे अर्धं पाऊल सरकली,
वाटेत काही असावं तशी,
आणि तिने नाक मुरडलं.

"बघा," छाय मास्तर म्हणाले,
"आपल्यालाच नाक मुरडतेय कार्टी."

को गुरुजींचं अंगण.
मधोमध शिरक्याचा रांजण, माझ्या छातीएवढा.
मुरत घातलेला शिरका हलवायचा नसतो,
म्हणून माणसं हलायची.
मी अकरा वर्षांची असताना दांडकी घेऊन पोरं आली.
काय काय फोडलं, त्याची यादी घरात कुणी केली नाही.
पावसाळा सरेपर्यंत अंगणाला आंबट वास होता.
गुरुजींनी खापऱ्या वेचल्या आणि म्हणाले,
"जागा झाली. आता सरळ जा."

तेव्हापासून आम्ही सरळ जातो.
तेच छापलं गेलं, तेच अस्सल.
आणि रांजण यायच्या आधी त्या जागी काय होतं,
ते गुरुजींच्या गुरूंना ठाऊक.

जादा पाऊल: एक दशांश वजा.
चेहऱ्याचे चाळे: एक दशांश वजा.
पहिला मी कापला. नियम माझ्याच सहीने निघालाय.
दुसऱ्यापाशी हात अडला.
बाकी चौघांनी दोन्ही कापले,
वर "पाठांतर कच्चं" म्हणून आणखी थोडे.
माझा आकडा सर्वांत मोठा निघाला,
म्हणून काढून टाकला.

मागच्या नळापाशी ती पाणी पीत होती.
"ते पाऊल कुणी शिकवलं?"
"आजोबांनी. ते इथलेच.
लग्नाआधीच बोटीने गेले, परत आलेच नाहीत."
"का टाकायचं, सांगितलं?"
"विचारलं की म्हणायचे, तिथून जाता येत नाही."
"आणि नाक?"

ती ओशाळली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
"ते चालीतलं नाही का?
आजोबा दर वेळी करायचे.
मला ते जमायला वर्ष लागलं."

"चालीतलंच आहे," मी म्हटलं.
"फक्त तू मुरडतेस जरा लवकर.
आधी वळसा,
मग वास."