कातरायची बाजू

वही आली तेव्हा तिच्या पाठीचा कणा मोडलेला,
सत्तर पानं कसरीने चाळणी केलेली,
वर ट्रस्टींची चिठ्ठी:
नवा कापडी पुठ्ठा, कडा एक बोट कातरून सारख्या.

आम्ही भद्रकालीतले जिनगर.
आजोबा खोगीर शिवायचे, मी कागद शिवतो.
चिंचोक्याच्या खळीत मोरचूद कालवलं
आणि खळ निवेपर्यंत वाचत बसलो.

नाशिक सृष्टिज्ञान मंडळी, सन अठराशे चौऱ्याहत्तर.
अध्यक्ष मेजर थॉर्नबी, चिटणीस रावसाहेब क्षेमकल्याणी,
खजिनदार होर्मसजी, ज्यांचा दारूचा मक्ता.
नियम एकेचाळीस.
पाच डोकी नसतील तर सभा नाही.
वर्गणी थकली की तीन स्मरणपत्रं, मग नाव भिंतीवर.
बोलणाऱ्याने उभं राहावं, अध्यक्षांकडे तोंड करून,
विषय धूमकेतूचा असो की दिव्याच्या तेलाचा.

सभासद घ्यायचा तो गुप्त मताने.
हस्तिदंती गोळ्या मुंबईहून निघाल्या, पोचल्या नाहीत.
मग ठरलं: होकाराला पांढरा पावटा, नकाराला काळा घेवडा.
एका रात्री उंदराने पेटी कुरतडली
आणि पांढरे तेवढे खाल्ले.
येवल्याच्या एका वकिलाचं अडलं त्यात.
दोन सभा वाद चालला:
उंदराच्या पोटातलं मत धरायचं का?
ठराव: धरू नये. सापळा घ्यावा. साडेसहा आणे.

मी हसलो. सुई बोटात गेली.

बोट चोखताना दिसलं,
पानाच्या पार बाहेरच्या कडेला,
चिटणिसांच्या डौलदार वळणापासून जमेल तितके लांब,
दुसऱ्याच हाताचे आकडे.
शून्य. शून्य. बारा सेंट. शून्य. एक इंच चार.

पर्जन्यमापक मागच्या ओट्यावर होता.
तो वाचणारा सभासद नव्हता,
आणि सभासद नसलेल्याचं नाव इतिवृत्तात येऊ नये, नियम नऊ.
शोधलं तर खर्चात सापडलं:
वात, तेल, उंदराचा सापळा,
भिवा ताराळ, महिना दीड रुपया.
आकडे शरणपूरच्या शाळेतले असावेत,
चाराच्या पोटात केवढी जागा सोडायचा.
वही रोज खिडकीत ठेवायची, त्याने खिडकीतच परत ठेवायची.
हाताला हात लागू नये, हे एकेचाळिसांत कुठेच नाही.
लिहायची गरज नव्हती.

मग ते श्रावणातलं पान.
गंगा चढलेली, नारोशंकराच्या घंटेला पाणी.
मधोमध चिटणीस: गणपूर्ती नाही, सभा तहकूब.
पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्यातही.
कडेला, शाई फुटलेली:
आठ इंच चौदा. कमरेएवढ्या पाण्यातून गेलो.
बाटली सांडली नाही.
खिडकीतून आत उतरलो, वही माळ्यावर ठेवली.
चूक असल्यास कळवावे.

भाद्रपदात सभा भरली, सहा हजर.
पुण्यास तक्ते वेळेवर धाडल्याबद्दल
अध्यक्षांचे आभार, होर्मसजींचं अनुमोदन, एकमताने.
खोलीस चुना द्यावा, अडीच रुपये.
भिवा यास समज देण्यात यावी.

काय समज दिली, ते लिहिलेलं नाही.
त्यापुढे कडेला आकडे आहेत.
फक्त आकडे.

पानं रचून कातरणीखाली घेतली.
एक बोट म्हणजे किती, म्हणून बोट ठेवून पाहिलं.
बरोबर त्याच्यावर पडलं.
बराच वेळ चाक हातात धरून उभा होतो.
मग वही तशीच शिवली,
कडा वेड्यावाकड्या,
माळ्यावरच्या त्या पानाची तर जरा बाहेरच.

ट्रस्टी म्हणाले, हे काय काम झालं?
म्हटलं, पातं बोथट होतं.
त्यांनी बिलातले दोनशे कापले.
पावतीवर सही केली मी, कडेला.