मागचं पान

हर्णै बंदरात
धर्मा पावसे संध्याकाळचा लिलाव पुकारायचा.
वाळूत पाट्या मांडलेल्या, सुरमई, हलवा, बांगडा,
बैलगाड्यांची चाकं निम्मी पाण्यात,
आणि त्याचा आवाज थेट सुवर्णदुर्गाच्या तटाला लागायचा:
बाराशे, साडेबाराशे, तेराशे एक वार…
अर्ध्या तासात तोच हलवा नऊशेवर.
बर्फाची गाडी आंजर्ल्याला फसली
किंवा दापोलीचा व्यापारी रुसला, एवढ्यावरून.

घरी मात्र तो कशाचाच भाव विचारायचा नाही.

मी नववीत. इंग्रजी बरं, म्हणून
रविवारी मला बोलावणं यायचं.
ओटीवर कंपनीचा वार्षिक अहवाल,
गुळगुळीत कागद, चेअरमनसाहेबांचा हसरा फोटो.
"फोटो सोड गो. मागून वाच.
अक्षर बारीक झालं की माणूस खरं बोलायला लागतो."
मी शब्दकोश घेऊन तळटिपांत उतरायचे:
देणं किती, येणं किती, कोर्टात काय अडकलंय.
पानाला एक बांगडा, असा करार.
कर्जाच्या पानाला दोन.

दोर बनवणारी कंपनी होती ती.
त्याला ती पेपरात नाही, बंदरातच सापडली.
बुरोंडकरच्या दुकानात दोराचा दर चढला
तरी एकही तांडेल दुसरा दोर मागेना.
शिव्या द्यायचे आणि तोच न्यायचे.
मग दर मे अखेर,
होड्या वर ओढून झाप टाकले, हंगामाचा हिशेब मिटला,
की त्यातले थोडे शेअर.
चार. सात. एकदा अकरा.

"दिवसभर भाव ओरडता, काका,
मग ह्याचा का बघत नाही?"
तो जाळ्यातला खेकडा सोडवत होता.
"मासळीला संध्याकाळ असते.
विकली नाय तर कुजते, म्हणून ओरडायचं.
ह्याला संध्याकाळ नाय.
ती आपणच ह्याच्या गळ्यात बांधतो."

सगळंच काही त्याचं बरोबर आलं नाही.
कोळंबी गोठवणारी एक कंपनी माझ्याआधीच बुडालेली,
त्याच्या चौतीस हजारांसकट.
ते कागद फळीवर, मिठाच्या बरणीखाली.
बरणी उचलली की दिसायचे.
"हिचं मागचं पान वाचायला कोण नव्हतं," म्हणायचा,
आणि थोड्या वेळानं, "मी विचारलंपण नाय कोणाला."

टाळेबंदीच्या मार्चात बंदर रिकामं.
दोराचा शेअर निम्म्यावर.
हेमंत नालासोपाऱ्याहून रोज फोन करी, विका, विका.
मी तेव्हा रत्नागिरीत बँकेत.
माझे होते नव्हते ते मी सकाळी अकरा वीसला विकले
आणि मोकळं वाटलं, जेवणापर्यंत.
काकांनी एकच विचारलं:
"होड्यांनी दोर वापरायचं सोडलं काय?"
नाही.
"मग एकोणीस घे माझ्या नावावर."

जूनमध्ये निसर्ग वादळ आलं.
माडांचे शेंडे पिळून गेले, होड्या एकमेकींवर.
दोर तुटले नाहीत,
खुंटेच उपटले.
काकांच्या घरावर एक कौल शिल्लक नव्हतं.
तेव्हा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेअर विकायला सांगितले.
मी आकडेमोड घेऊन बसले:
अजून दोन महिने थांबा, नक्की वाढेल,
तुम्हीच तर शिकवलंत.
ते भिजलेल्या गाद्या गडग्यावर टाकत होते.
"पाऊस थांबेल काय दोन महिने?"
पत्र्याला लागतील तेवढेच विकले.
कितीला गेले ते मी सांगायला गेले,
तर ते पत्रे मोजत होते.

परवा ते रत्नागिरीत आले, दाराशी उभे,
हातात वर्तमानपत्राची पुरचुंडी, ओली.
"तुझा एक बांगडा राहिला होता.
कर्जाचं पान होतं, मी एकच दिलेला."

वीस वर्षं झाली असतील.
मी कागद सोडला.
बांगडा ताजा होता, डोळे चकचकीत,
पहाटेच्या लिलावातला.